लेकीच्या कलमा

संत्र्याचं पान हातात आलं की मी ते मधल्या शिरेवर दुमडते आणि उजेडाकडे धरते. ही माझी खोड आहे. भाजीवालीकडच्या लिंबाच्या ढिगात चुकून एखादं पान आलं तरी दुमडते. नवरा म्हणतो, "तू देवळात गेली तं बेलही दुमडून पाहशील." एकदा पाहिलाही होता, पण ते मी त्याला सांगितलेलं नाही.

दुमडण्याचं कारण साधं आहे. झाडाला झिंक कमी पडलं की पान पिवळं होतं, पण शिरेच्या दोन्ही अंगांना सारखं होतं. दुमडलं की पिवळ्यावर पिवळं आणि हिरव्यावर हिरवं बसतं. ग्रीनिंग नावाचा रोग असला की तसं बसत नाही. एका अंगाला पिवळा डाग असतो आणि दुसऱ्या अंगाला त्याच जागी हिरवं असतं. असं पान दिसलं की मी ते उलगडून पुन्हा दुमडते, कारण झिंकला औषध आहे आणि ग्रीनिंगला नाही.

मी नागपुरात झाडांचे रोग तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. तंत्रज्ञ म्हणजे जिच्या हाताखालून सगळं जातं पण रिपोर्टवर जिची सही नसते, ती. शेतकरी पिशवीत पानं घेऊन येतात. मी त्या पानांच्या शिरा कापते, खलात कुटते, त्यातून काढायचं ते काढून यंत्रात लावते. सही साहेब करतात. ‘बाधित झाड मुळासकट काढून नष्ट करावे’ एवढं लिहून ते केबिनमध्ये जातात. माणूस कागद हातात घेऊन माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहतो आणि विचारतो, "मॅडम, मंग फवारा कोणता मारू?"

मग ‘झाड काढा’ हे शब्द माझ्या तोंडून जातात. इतकी वर्षं झाली, तरी ते बोलताना मला स्वतःचा राग येतो आणि समोरच्याचाही येतो. एकानं विचारलं होतं, "अर्धं काढलं तं चालन का?" एक जण आमचं यंत्रच खराब आहे म्हणून भांडून गेला. एक म्हातारा सगळं ऐकून घेऊन "बरं" म्हणाला आणि छत्री टेबलाला टेकवून ठेवलेली तशीच विसरून गेला. ती अजून आमच्या कपाटामागे आहे. मौद्याकडचे धानवाले कधी चुकून आमच्या दारात येतात, त्यांना बाजूच्या विभागात पाठवताना मला हेवा वाटतो. धान गेलं तर पुढच्या साली नवं लावता येतं. संत्र्याचं झाड फळावर येईपर्यंत घरातलं पोर शाळेत जायला लागलेलं असतं, आणि तोवर त्या झाडावर सगळ्यांचा जीव जडलेला असतो.

माझं माहेर काटोलकडचं. आमच्या गावात एक रीत होती. लेक लग्न होऊन सासरी गेली की येणाऱ्या मृगात तिचा बाप तिच्या सासरी संत्र्याच्या कलमा घेऊन जायचा. सासरचे जेवढं वावर दाखवतील तेवढ्यात लावून द्यायचा. खड्डे स्वतः पाहायचा, कलमेचा जोड मातीत गाडला जाणार नाही याची काळजी घ्यायचा आणि संध्याकाळी उपाशी परत यायचा, कारण लेकीच्या घरचं अन्नपाणी बापानं घ्यायचं नाही. लुगडी फाटतात, भांड्यांना पोचे पडतात, पण कलम लेकीला जन्मभर पुरते, असं आमच्याकडे बायका बोलायच्या. ज्या घरच्या वावरात बाग नसेल तिथे बाप कलमा मागून आणायचा, आणि मागायचा तो आमच्याच बाबांकडे.

आमच्या विहिरीजवळ एक जुनं संत्र्याचं झाड होतं. त्याला सारं गाव मायझाड म्हणायचं. बाबा जंभेरी लिंबाची रोपं वाढवायचे आणि त्यांच्या सालीत मायझाडाचे डोळे बसवायचे. डोळा म्हणजे फांदीवरचा कोंब फुटायचा तो बारीक उंचवटा. तो सालीसकट काढायचा, रोपट्याच्या चिरलेल्या सालीत सरकवायचा आणि वरून पट्टी बांधायची. बाबांनी बांधलेला डोळा सहसा मरत नसे. त्यांची बोटं जाड होती, पण त्या कामाला बसले की हलकी व्हायची. लेकीच्या कलमा विकायच्या नाहीत, मागेल त्याला द्यायच्या, हाही रीतीचाच भाग होता. दारात कुणी आलं की बाबा एवढंच विचारायचे, "लेक कोन्या गावाले दिली गा?"

डोळे कुठल्या फांदीचे घ्यायचे याचाही नेम होता. जिला फुलोरा जास्त, तिचे. विहिरीवर झुकलेली एक फांदी कित्येक वर्षं वेड्यासारखी फुलायची. बहाराची वेळ नसली तरी फुलायची. लोक येता-जाता तिच्याकडे पाहायचे आणि बाबा मिशीत हसायचे. त्या वर्षांत गावातल्या जेवढ्या लेकी सासरी गेल्या, त्या सगळ्यांच्या कलमा त्या फांदीच्या झाल्या. माझ्या ताईच्याही.

मला शेतीवाडीचं सासर मिळालं नाही. नवरा नोकरीवाला, घर नागपुरात, नंदनवनमध्ये. तरी बाबा रीत मोडायला तयार नव्हते. फाटकाजवळ हातभर माती होती, तिथे त्यांनी एक कलम लावून दिली. पुढे गटाराची पाइप टाकायला गल्ली खोदली त्यात ती गेली. मी दोन दिवस जेवले नाही, नवऱ्याशीही भांडले, जणू त्यानंच गटार मागितलं होतं. आता ते आठवलं की स्वतःचंच हसू येतं, आणि हसूही धड येत नाही.

ताई माझ्याहून मोठी. तिचं सासरचं वावर पूर्वी कोरडवाहू होतं, कापसाची पऱ्हाटी आणि तूर. ताईच्या कलमा तिथे लागल्या, सासऱ्यांनी विहीर खोल केली आणि पाहता पाहता तिथे बगिचा उभा राहिला. गावात त्याचं नावच सुनेचा बगिचा पडलं. ताईला मूल झालं नाही. दवाखाने झाले, देव झाले, शेवटी सगळे गप्प बसले. सासू वाईट नव्हती. चारचौघींसारखी होती. घरी पाहुणा आला की ती ताईकडे हात करून ठरलेलं वाक्य बोलायची, "लेकरू नाही दिलं देवानं, पन बगिचा दिला." पहिल्या अर्ध्याला ताई खाली पाहायची आणि दुसऱ्या अर्ध्याला मान वर करायची. पाहुणा मग बगिचा बघायला जायचा आणि ताई पुढे चालत त्याला झाडं दाखवायची.

मला त्या वाक्याची चीड यायची. एकदा मी ताईला म्हटलं, "तू हे काहून ऐकून घेते? एक दिवस मीच सुनावते बुढीले."

"तू गप राय," ताई म्हणाली. "थे पुरं बोलते न? मंग बोलू दे. बगिचा हाय तोवर मले या घरात कोनी काही म्हनत नाही. दुसरी करून आना म्हनून भाऊकीतले बोलत होते, थे बी बगिचा पाहूनच चूप झाले."

हे तिनं भाजीचा भाव सांगावा इतक्या सहज सांगितलं.

संक्रांत अजून यायची होती तेव्हा तिचा फोन आला. आवाजात नुसता आनंद होता. "अवं, या साली बहार पाय! काडी काडी फुलली. अजून ताणबी नीट बसला नाही अन् झाडं फुलून राहिली. सासरे म्हनते असा बहार कधी पाहिला नाही."

मी डब्यातली पोळी हातात तशीच धरून बसले. संत्र्याला बहारासाठी पाणी तोडून ताण द्यावा लागतो. ताण नीट बसण्याआधी, वेळेच्या आधी झाडावर असा फुलोरा येतो तेव्हा ते झाड खुशीत नसतं. मुळाकडे अन्न पोचेनासं झालेलं असतं, ते वरच अडकतं, आणि मरणाआधी झाड सगळं फुलांवर उधळून टाकतं. हे मी किती जणांना टेबलाशी बसून सांगितलं आहे. ज्याला ते सांगायचं तो दर वेळी आधी आनंदाची बातमी घेऊन आलेला असतो.

"पानं कशी हाय?" मी विचारलं.

"पिवळी हाय जराशी. झिंक मारलं न."

"एक पान तोड. मंधातल्या शिरेवर दुमड अन् उजेडात धर. दोन्ही बाजू एकमेकीवर बसते का पाय."

फोनवर मधमाश्यांचा आवाज येत होता. ताई बगिच्यातच उभी होती. मग म्हणाली, "नाही बसत वं बरोबर. काहून?"

"येते मी रविवारी," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

रविवारी गेले. लांबून बगिचा सुंदर दिसत होता. जवळ गेल्यावर फांद्यांवर पानं विरळ आणि फुलं दाट दिसली. मागच्या बहाराची काही फळं राहिली होती, ती लहान, एका अंगाला फुगलेली आणि बुडाशी हिरवी. एक सोलून पाहिलं. आतल्या बिया काळ्या आणि चपट्या होत्या. फोड तोंडात घातली, ती कडू लागली. ताई माझ्या तोंडाकडे पाहत होती म्हणून मी ती गिळली. सासूनं ओसरीवर जेवायला वाढलं आणि म्हणाली, "तुही बहीन झाडाची डाक्टर हाय न वं, देईन एखांदं विंजेक्शन." सगळे हसले. मी ओल्या कागदात पानं गुंडाळून पिशवीत भरली आणि उन्हं कलायच्या आत निघाले.

त्या पानांच्या शिरा मीच कापल्या. हात सवयीनं चालले. यंत्राच्या पडद्यावर रेघ वर चढली, म्हणजे रोग होता. दुसऱ्या दिवशी उरलेल्या पानांवर पुन्हा सगळं केलं. रेघ पुन्हा चढली. साहेबांनी सही केली, नावावर नजरही न टाकता. त्यांचीही चूक नाही, त्यांच्यापुढे दिवसभर कागदच असतात.

मी फोनवर सांगितलं नाही. ताईला नंदनवनला बोलावून घेतलं. ती एसटीनं एकटी आली, स्वयंपाकघरात पाटावर बसली आणि मी सांगितलं ते सगळं शेवटपर्यंत ऐकलं. रडली नाही. तिनं एकच गोष्ट विचारली, "आला कुठून हा रोग?"

"दोन रस्ते हाय त्याचे," मी म्हटलं. "एक कलमेच्या डोळ्यातून. रोगट फांदीचा डोळा घेतला तं काही कलमांत रोग संगंच येते अन् बरेच दिवस दिसत नाही. दुसरा रस्ता कीड. सायला म्हनते तिले. तिळाएवढी असते, या झाडाचा रस पिऊन त्या झाडावर बसते."

ताई विचार करत राहिली. मग म्हणाली, "मंग तू किडीनं आला म्हन. खोटं तं नाही न थे?"

खोटं नव्हतं. पुरतं खरंही नव्हतं. कीड सगळ्या बगिच्यात फिरली असणार, पण तिला पहिल्या झाडात रोग मिळाला तो कुठून, हे आम्हा दोघींनाही उमगलं होतं.

"मायझाडाचं नाव निघालं न," ताई म्हणाली, "तं बुढी म्हनीन हिनं काही आनलं नाही, आनला तो रोग. आता पावेतो एक बाजू रिकामी होती, आता दोन्ही होतीन. झाडं जाऊ दे वं. झाडाले मी रडून घेईन. पन मले त्या घरात राहाचं हाय."

मी म्हटलं, "कीडच सांगते." आणि मनापासून म्हटलं. तिला गणेशपेठेला बसमध्ये बसवून परत येताना मला हलकंही वाटलं.

ते हलकेपण फार टिकलं नाही. त्याच आठवड्यात नरखेडकडची एक बाई पानं घेऊन प्रयोगशाळेत आली. माझ्याच वयाची असेल. मी पिशवी उघडली, एक पान दुमडलं आणि विचारलं, "कलमा कोन्या पन्हेरीतून इकत आनल्या?"

"पन्हेरीच्या नाही जी. माहेरच्या." मग ती माझ्याकडे टक लावून पाहू लागली. "तू विहिरीवाल्याची लहानी न वं? मले नाही ओळखलं? तुह्याच बाबानं देल्या माह्या बापाले. मायझाडाच्या हाय." आणि अभिमानानं पुढे म्हणाली, "आमच्या घरच्या पाहून आजूबाजूच्या चौघा-पाच जनांनी बी याचेच डोळे नेले."

मी हातातली पिशवी खाली ठेवली आणि खरं ते सांगितलं. किडीचं नाव सांगितलं असतं तर ती घरी जाऊन किडीचा फवारा मारत बसली असती. आपल्या कलमांत काय आहे हे कळलं नसतं, चौघा-पाच जणांना तिनं ते सांगितलं नसतं आणि त्यांच्याकडून आणखी कोणी डोळे नेले असते. आमच्या गावच्या लेकी कुठे कुठे दिल्या आहेत हे मी मनात मोजायला लागले आणि मध्येच थांबले. यंत्रावर जिथली जिथली रेघ चढेल त्या गावांचा नकाशा काढला, तर तो आमच्या गावच्या वरातींचा होईल.

बाबांकडे गेले. आई गेल्यापासून ते एकटेच होते. मी बोलायला सुरुवात केली तेव्हा ते जंभेरीच्या रोपांना पाणी घालत होते. ऐकता ऐकता त्यांनी पाणी बंद केलं. उठून विहिरीजवळ गेले, त्या झुकल्या फांदीचं एक पान तोडलं आणि मी फोनवर ताईला सांगितलं होतं तसं दुमडून उजेडात धरलं. त्यांची नजर अधू झाली होती. "मले दिसत नाही, तूच सांग," म्हणाले.

मी पाहिलं आणि सांगितलं. पानं नेऊन तपासलीही, पण तो नुसता सोपस्कार होता.

"जास्त फुले म्हनून त्याच फांदीचे घेत होतो," बाबा म्हणाले. "चांगलं म्हनून देत होतो न गा." गा पुरुषाला म्हणतात, मला ते कधीच म्हणत नसत. ते माझ्याशी बोलतच नव्हते.

मायझाड त्यांनी स्वतः तोडलं. मी माणूस लावू म्हटलं तर ऐकलं नाही. आधी आपलं, मग लोकांचं, एवढंच म्हणाले. फांद्या पडल्या तेव्हा फुलांचा वास अंगणात पसरला आणि शेजारपाजारचे लोक कुंपणाशी येऊन उभे राहिले. बुंधा खणून काढायला बराच वेळ लागला. बाबांनी सगळं तिथेच जाळलं आणि राख विझेपर्यंत बसून राहिले.

मग त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं, टोपी घातली आणि मला म्हणाले, "स्कूटी काढ. ज्याच्या ज्याच्या घरी गेल्या त्याच्या घरी मी जातो. तुहा कागद संगं घे."

कुठल्या लेकीच्या कुठे कलमा गेल्या हे त्यांना तोंडपाठ होतं. दरेक घरी एकच रीत झाली. बाबा ओसरीखाली उभे राहायचे, टोपी काढायचे, हात जोडायचे आणि म्हणायचे, "माह्या झाडाचा रोग तुमच्या वावरात आला. कलमा काढून जाळा. कोनाले डोळे देले असन तं त्यायलेही सांगा." बस म्हटलं तरी बसायचे नाहीत. मी रिपोर्ट दाखवायचे, रोग समजावून सांगायचे. एका घरी लेकीचा सासरा तोंडाला येईल ते बोलला, म्हणाला, म्हातारपणी आम्हाले बुडवाले आला का. मी तिथे भांडले. माझी जीभ तशी सैलच आहे. बाबांनी मला दंडाला धरून बाहेर नेलं. दुसऱ्या एका घरी लेक चुलीपुढून उठून आली आणि बाबांच्या पायाशी बसून राहिली, जणू कुणी वारल्याची खबर आली होती. तिच्या घरचंही पाणी त्यांनी घेतलं नाही.

ताईचं घर त्यांनी सगळ्यांत शेवटी ठेवलं. रस्त्यात मी गाडी बाभळीखाली उभी केली आणि म्हटलं, "बाबा, सगळ्यायले सांगून झालं. जिथं जिथं कळायला पाहिजे तिथं कळलं. इथं मी बोलते. इथं कीड म्हनते. झाडं तशीही काढतीनच. ताईचा विचार करा."

बाबा मागे बसूनच बोलले. "लोकाच्या लेकीच्या घरी खरं बोललो अन् आपल्या लेकीच्या घरी खोटं बोलू? उद्या कानावर गेल्याशिवाय राहीन का? मंग तिले खोटारड्याची लेकबी म्हनतीन."

त्यांचं बरोबर होतं. मला त्यांचा इतका राग आला की वाटलं त्यांना तिथेच उतरवून द्यावं. गाडी सुरू केली आणि पुढे गेले.

ताई दारातच होती. आमच्याकडे पाहिलं आणि तिला कळलं. सासू, सासरे ओसरीवर होते. बाबांनी टोपी काढली आणि ठरलेली वाक्यं बोलले. एक शब्द कमी नाही, जास्त नाही. सासरे मान खाली घालून ऐकत राहिले. सासूनं विचारलं, "म्हंजे रोगटच दिल्या होत्या तुमी?"

"मालूम नव्हतं," बाबा म्हणाले. "पन होय."

"अन् आमी जपल्या," सासू म्हणाली. आवाज चढवला नाही. उठली आणि आत गेली. ताईनं पाण्याचा गडवा आणून बाबांपुढे धरला, सवयीनं. बाबांनी हात लावला नाही, तेही सवयीनं. तो गडवा दोघांच्या मध्ये कितीतरी वेळ तसाच राहिला.

बगिचा निघाला त्या दिवशी मी तिथे होते. तंत्रज्ञ म्हणून होते असं मी ऑफिसात सांगितलं. जेसीबी लावला होता. फुललेली झाडं मुळासकट वर येऊन आडवी पडत होती आणि मधमाश्या त्यांच्यावर तशाच बसत होत्या. लाकडं तिथेच जाळा, गावात नेऊ नका, हे सांगायचं माझं काम मी केलं. भाऊजी, म्हणजे ताईचा नवरा, रॉकेलचा डबा घेऊन एका ढिगाकडून दुसऱ्या ढिगाकडे जात होते. ताई वावराच्या कडेला धुऱ्यावर बसली होती. मी शेजारी बसले तर म्हणाली, "तू जाय. तुह्या लग्नात नेसलेलं लुगडं हाय हे, धूर लागून राहिला." माझ्या अंगावर तर साधा कुर्ता होता. लुगडं तिच्याच अंगावर होतं, माझ्या लग्नात ती नेसली होती ते.

पुढच्या काही महिन्यांत त्या बाजूचे बरेच बगिचे निघाले. साहेब म्हणाले, वेळेवर कळलं म्हणून पुढचे वाचले, चांगलं काम झालं. खरंच वाचले असतील. वाचलेले लोक आमच्याकडे येत नाहीत, त्यामुळे मला ते दिसत नाहीत. गावात आता लेकीला कलमा देत नाहीत. बाबांची जंभेरीची रोपं वाळून गेली, त्यांनी तिकडे पाणी फिरवलंच नाही. ते ताईकडे पुन्हा गेले नाहीत आणि सासरचे ताईला माहेरी पाठवत नाहीत.

मी मात्र जाते. बहीण आहे, जाणारच. गेल्या हिवाळ्यात गेले तेव्हा बगिच्याच्या जागी तूर उभी होती. दाट आणि फुललेली होती. मी उगाच तिचंही पान तोडलं, आणि दुमडायच्या आधी टाकून दिलं.

ओसरीवर एक पाहुणे बसले होते, सासऱ्यांच्या नात्यातले, पहिल्यांदाच आलेले. ताई चहा घेऊन बाहेर आली. पाहुण्यांनी तिच्याकडे पाहून विचारलं, "हे सूनबाई का?"

सासूनं ताईकडे हात केला. तोच हात, तीच लकब. "हो, सून," ती म्हणाली. "लेकरू नाही दिलं देवानं."

ताईनं खाली पाहिलं. मीही पाहिलं. आम्ही दोघी वाक्याच्या उरलेल्या अर्ध्यासाठी थांबलो. इतक्या वर्षांची सवय होती. सासूचं तोंड उघडंच होतं, तिलाही बहुतेक सवयीनं काहीतरी बोलायचं होतं. मग तिनं बशीत चहा ओतला आणि फुंकर घातली. पाहुणे लांब दिसणाऱ्या तुरीकडे पाहत म्हणाले, "चालायचंच."

ताईची मान वर आलीच नाही. पाहुण्यांचा चहा झाल्यावर ती तशीच वाकून रिकामे कप गोळा करत राहिली, आणि त्यांत माझा अजून भरलेला कपही उचलून आत घेऊन गेली.